साठ घरच्या साठ मेंढ्या आणि एकटा फौजदार

मेंढवाडा, सहा जून
(सकाळचं दूध काढून झाल्यावर. दूध म्हणजे काय, बादलीचा तळ ओला होतो इतकंच.)

श्रीमान मेल्क्योर यांच्या सेवेशी,

सख्खी बहीण अंतियोगा हिचा साष्टांग नमस्कार. चष्मा पुसू नकोस, बरोबरच वाचलंस. तू माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटा, तुझं नाक मी माझ्या परकराने पुसलंय, तेव्हा रीतीने तुला आशीर्वाद द्यायला हवा होता. नमस्कार का घातला ते पत्राच्या शेवटी कळेल. आधीच शेवटचं पान काढून बघू नकोस, लहानपणापासूनची खोड आहे तुझी. सात वर्षं आपण बोललेलो नाही, म्हणून सात वर्षांची विचारपूस एकदम उरकते: बरा आहेस ना? माझी भावजय रिमेदिया बरी आहे ना? झालं. तुझा गुडघा दुखतो असं कानावर आलं. नवल आहे. धावून धावून दुखतात गुडघे हे मला ठाऊक होतं, पण दिवसभर मेंढ्यांच्या पाठीवर कंगवा फिरवून आणि जत्रेत त्यांच्या गळ्यात फिती बांधून दुखतात हे नव्हतं. एरंडाचं पान गरम करून बांध.

माझं कसं चाललंय ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. गेल्या सप्टेंबरात निळ्या जिभेचा रोग आला तो तुला माहीतच आहे. तुझ्या खोऱ्यात तो चढला नाही, सैतानालाही कुठे जायचं ते कळतं. माझ्या एकशे चाळीस मेंढ्या महिन्याभरात गेल्या. प्रेदूसारखा नवरा गेला तेव्हाही मी एवढी रडले नव्हते (त्याला दूध नव्हतं). वाचला तो एकटा फौजदार, माझा मेंढा. त्याची मान ठाण्यातल्या फौजदारासारखी आहे आणि कामाचा उत्साहही तितकाच, म्हणून ते नाव. मग तूरिनहून दोरोतेयाचे फोन सुरू झाले. आई, आता पुरे. आई, इकडे ये. दुसऱ्या मजल्यावर खोली आहे, गॅलरीत जिरेनियमच्या कुंड्या आहेत, लिफ्टमध्ये आरसा आहे. चाळीस वर्षं मी स्वतःचं तोंड न बघता सुखात काढली, आता ते लिफ्टमध्ये जाता-येता बघायचं? मी म्हटलं, बये, मी कुंडीत मावत नाही. ती म्हणाली, ठीक आहे, नाताळापर्यंत कळप उभा राहिला नाही तर मी स्वतः न्यायला येते. तुझी भाची आहे, बोलली की करते.

मेमध्ये बोरेद्दू काकांनी माझी पारादूरा केली. रीत तुला सांगायला नको: ज्याचा कळप गेला त्याला पंचक्रोशीतल्या प्रत्येक मेंढपाळाने आपल्या कळपातली एक मेंढी द्यायची, पडलेल्याला उभं करायचं. कुणी दिली ते बोलायचं नाही आणि घेणाऱ्याने विचारायचं नाही. मेच्या पहिल्या रविवारी साठ घरच्या साठ मेंढ्या माझ्या वाड्यात उतरल्या. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, कोकरू भाजलं, दोन पिंपं वाइन संपली, सगळ्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी मेंढ्या नीट पाहिल्या आणि डोळे कोरडे झाले.

मेल्क्योर, रीत सांगते की एक मेंढी द्यावी. कुठली, ते रीत सांगत नाही. आणि आपले लोक किती धर्मभीरू! एकीला दात नाहीत. एकीला सड एकच, तोही वाकडा. एक भिंत चढते, एक बोकडाशिवाय कुणाच्या मागे जात नाही, एक माणूस दिसलं की बसते आणि मेल्यासारखी पडून राहते (ही अर्थातच सरपंचांकडची). ती बिनदातांची तर स्वतः बोरेद्दू काकांची. तीन वर्षं ती विकायला ते बाजारात नेत होते, शेवटी पुण्यकर्मात खपवली. बोलायचं नाही अशी रीत असली तरी एकोणसाठ जण आठवड्याभरात येऊन सांगून गेले की अंतियोगा, ती चांगली दिसतेय ना, ती माझी. घंटा मात्र प्रत्येकाने काढून घेतली होती. मेंढी द्यायची आणि गळ्यातली घंटा घरी ठेवायची, इतकं ते औदार्य. एकच काळ्या कानाची, भरल्या कासेची, घंटेसकट आली. कुणा वेंधळ्याची काढायची राहिली असेल. तिच्यावर हक्क सांगायला कुणी आलं नाही.

तर ही साठ घरची साठ पाहुणी. कुणी भाकड, कुणी दुभती, कुणी जानेवारीत व्यालेली, कुणी देवालाच ठाऊक कधी. साठ मेंढ्या, साठ पंचांगं. आता दुधाच्या गाडीचा नियम असा की एका खेपेला शंभर लिटर असेल तर गाडी डोंगर चढणार, नाहीतर नाही. म्हणजे सगळ्या एकदमच व्यायला हव्यात, आणि त्याही नोव्हेंबरात, म्हणजे नाताळाच्या बाजाराला कोकरं तयार आणि पुढे दूधच दूध. एकेक करून रांगेने व्यायल्या तर गाडी येणार नाही, दोरोतेया येईल.

म्हणून मी सरकारी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. नाव लिव्हिया, समुद्रापलीकडच्या मुख्य भूमीवरची, वय तिसाच्या आसपास, बूट इतके पांढरे की मेंढ्या बुजल्या. बाई म्हणाल्या, सिन्योरा, काही अवघड नाही, सगळ्यांना एकाच दिवशी माजावर आणू. मी म्हटलं, साठ घरच्या साठ बायका एका दिवशी चर्चमध्येसुद्धा येत नाहीत. त्यावर त्यांनी माझ्या टेबलावर भाकरीसाठी पसरलेल्या पिठात बोटाने चित्र काढलं. (नंतर त्याच पिठाची भाकरी केली. पीठ टाकायचे दिवस नाहीत.)

त्या चित्रावरून मला जे समजलं ते असं. मेंढीचं अंडं सुटलं की त्या जागी एक पिवळी गाठ धरते. ती गाठ हुकूम सोडते की आता कुणी माजायचं नाही, सगळं शांत. गर्भाशय चौदा दिवसांच्या आसपास वाट बघतं, आणि कोकरू राहिलं नाही असं दिसलं की तेच त्या गाठीला विरघळवून टाकतं. हुकूम संपला, मेंढी सतराव्या दिवशी पुन्हा माजावर. पण कोकरू राहिलं असेल तर ते आतून निरोप धाडतं की गाठीला हात लावू नका, मी आलोय. अरे, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा जीव, त्याला वेळेवर निरोप धाडायची अक्कल आहे. आपल्या घराण्यात साठी गाठलेल्यांना नाही.

आता लबाडी ऐक. त्या पिवळ्या गाठीच्या औषधात बुडवलेला अंगठ्याएवढा स्पंज, त्याला दोरी, आणि तो मेंढीच्या आत चौदा दिवस ठेवायचा. मेंढीच्या अंगाला वाटतं, गाठ आहे, हुकूम आहे, गप्प बसा. कुणाचा काळ कुठेही असो, सगळ्या जागच्या जागी थांबतात. मग एका सकाळी साठही दोऱ्या ओढायच्या. हुकूम एका दमात सगळीकडे संपतो. वर गाभण घोडीच्या रक्तातून काढलेल्या औषधाची सुई टोचायची, म्हणजे अंडी लगबगीने पिकतात. (घोडीचं औषध मेंढीला! मी विचारलं, कोकरं खिंकाळणार तर नाहीत? बाई हसल्या नाहीत. मुख्य भूमीवर हसण्यालाही परवाना लागत असेल.) दोन दिवसांनी सगळ्याच्या सगळ्या माजावर.

जायला निघताना बाईंनी विचारलं, आणि मेंढे पुरेसे आहेत ना? सात मेंढ्यांमागे एक तरी नर लागेल. मी म्हटलं, पुरेसे आहेत. आता तूच सांग, मी काय खोटं बोलले? प्रेदूचा एक मेंढा शंभर मेंढ्यांना पुरायचा. सात मेंढ्यांमागे एक नर हा शहरी हिशेब, तिकडे नरांना सवयच नसेल कामाची. बोरेद्दू काकांनी त्यांचा मेंढा देऊ केला होता, तोही मी नाकारला. पारादूरेची रीत मेंढीची आहे, मेंढ्याची नाही. मेंढी घेतली ती रीत. मेंढा घेतला तर ती भीक. एवढा फरक मला आई-बापाने शिकवलाय.

अठरा मेला स्पंज बसवले, एक जूनला काढले, सुया टोचल्या. आणि तीन जूनच्या सकाळी, मेल्क्योर, मी वाड्याचं फाटक उघडलं आणि फौजदाराला आत सोडलं.

माझ्या चुकीचं कारण नंतर उजेडात आलं, तेव्हा आता सांगते. प्रेदूचा मेंढा शंभर मेंढ्यांना पुरायचा तो दोन महिन्यांत. आज दोन, उद्या तीन, मध्ये रविवार. इथे साठही जणी एका सकाळी शेपट्या हलवत उभ्या. फौजदार आत गेला तो छाती काढून, ठाण्याची तपासणी करायला निघाल्यासारखा. पहिली काळ्या कानाची, मग दुसरी, तिसरी. मग त्याने मान वर केली आणि त्याला बाकीच्या दिसल्या. एवढी घाबरलेली मेंढ्याची नजर मी जन्मात पाहिली नव्हती.

आणि हे सगळं एकांतात झालं असतं तरी चाललं असतं. पण अख्ख्या पंचक्रोशीला आपापली मेंढी कशी नांदते ते बघायचं होतं. सकाळी आठला भिंतीवर चाळीस पुरुष ओळीने बसलेले, मांडीवर भाकरी, चीज, हातात सुरी, मधून वाइनचं बुधलं फिरतंय. चर्चमध्ये इतक्या शिस्तीत कुणी बसत नाही. तू नव्हतास, तेवढी लाज तुला आहे हे लिहून ठेवते. प्रत्येकजण आपल्या मेंढीला हाक मारत होता. अग माझ्या राणी, पुढे हो, दबून राहू नकोस! अहो, तुमची ढकलतेय माझीला! फौजदार, इकडे, इकडे! बोरेद्दू काकांची ती बिनदातांची तर फौजदाराची पाठ सोडेना. तो डावीकडे, ही डावीकडे. तो पाण्याच्या हौदामागे, ही हौदावर. काका भिंतीवरून ओरडले, अंतियोगा, बघ, म्हातारी म्हणत होतीस ना! मी म्हटलं, काका, तुमच्याच घरचं वळण आहे, बायकोला विचारा. पुरुष इतके हसले की दोघे भिंतीवरून पडले. पडले ते बरं झालं.

दुपारपर्यंत अकरा झाल्या. अकरावीनंतर फौजदार माझ्या गाडीखाली शिरला. मेंढ्या गाडीभोवती गोल उभ्या राहिल्या आणि खूर आपटायला लागल्या. मी त्याला पायाला धरून ओढलं, त्याने टायरला मिठी मारली म्हटलं तरी चालेल. त्याच वेळी डॉक्टरीणबाई आल्या, वही घेऊन, पांढऱ्या बुटांत. त्यांनी वाड्यात नजर फिरवली, गाडीखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, सिन्योरा, बाकीचे मेंढे कुठे आहेत? मी म्हटलं, बाकीचे कुठले? बाई दगडावर बसल्या. वही मिटली. भिंतीवर फिरणारं बुधलंसुद्धा थांबलं. माझ्याच वाड्यात माझ्याच मेंढ्यांसमोर मला इतकं कानकोंडं कधी वाटलं नव्हतं.

बोरेद्दू काका भिंतीवरून उतरले आणि हळूच म्हणाले, पोरी, आणू का माझा मेंढा? अजून वेळ आहे. चाळीस जणांच्या चाळीस माना वळल्या. मी म्हटलं, काका, रीत मेंढीची आहे. ते म्हणाले, रीत गेली खड्ड्यात. मी म्हटलं, खड्ड्यात मी गेले तरी चालेल, रीत नको. मोठ्या टेचात बोलले. सगळ्यांनी टोप्या घातल्या आणि निमूट निघून गेले. मग मी हौदाजवळ बसून ओक्साबोक्शी रडले, आणि ती मेल्यासारखी पडून राहणारी मेंढी माझ्या शेजारी येऊन मेल्यासारखी पडून राहिली. तेवढीच एक सोबत.

तर अकरा लागल्या आणि एकोणपन्नास राहिल्या. फौजदार तीन दिवस उठला नाही. आज सकाळी उठला, मेंढ्या दिसल्या, परत बसला. बाकी इकडे सगळं ठीक आहे. पाऊस नाही. चीज बरं चाललंय. गुडघ्याला एरंडाचं पान विसरू नकोस.

तुझी,
अंतियोगा

ता. क. सही केल्यावर आठवलं म्हणून लिहिते (सही करायच्या आधीपासून आठवत होतं). डॉक्टरीणबाई काल पुन्हा आल्या. बूट मळवून घेतले होते, त्यावरून मला वाटलं बाई सुधारतेय. म्हणाल्या, सिन्योरा, सगळं संपलेलं नाही. ज्या राहिल्या त्या सतराव्या दिवशी उलटतील, म्हणजे पुन्हा माजावर येतील. सगळ्या एका दिवशी थांबल्या होत्या म्हणून उलटतीलही जवळपास एका दिवशीच. वीस जून. तेव्हा लागल्या तर नोव्हेंबरच्या मध्याला व्यातील आणि कोकरं नाताळाला होतील. त्यानंतर प्रत्येकजण आपापल्या वाटेने जाईल आणि मग कुणी त्यांना एकत्र आणू शकणार नाही. फक्त मेंढे हवेत, सात-आठ तरी, आणि ते परके हवेत. अनोळखी नराचा वास एकदम आला की कचरणारी मेंढीसुद्धा माजावर येते. पंचक्रोशीत एका वाड्यात आठ मेंढे असलेला माणूस एकच आहे, असंही बाई म्हणाल्या. नाव त्यांनी घेतलं. मी घेतलं नाही.

ता. क. दुसरा. बाबांच्या पाठीमागे वाटणी झाली तेव्हा मी मेंढ्या घेतल्या आणि वकिलासमोर म्हणाले की मेंढे मेल्क्योरला द्या. खायचं, झोपायचं आणि वर्षातून महिनाभर काम करायचं, त्याला शोभतील. वकील हसला. सगळे हसले. तू कॉफी न घेता उठलास आणि सात वर्षं गेलास. तेवढ्यावर कुणी रुसतं का, असं मी सात वर्षं सगळ्यांना विचारत आले. तीन जूनला फौजदाराला गाडीखालून ओढताना मला कळलं की मेंढ्याचं काम काय असतं. ते वाक्य मी मागे घेते. वीस तारखेपर्यंत घेते, पुढचं तुझे मेंढे बघून ठरवू. एकोणीसच्या संध्याकाळी आठही घेऊन ये. फिती काढून आण, मेंढ्या हसतील. दुसऱ्याकडे मागितलं तर भीक, भावाकडे मागितलं तर हक्क, म्हणून मागते. नमस्कार त्यासाठी होता. परत करू नकोस, ठेव.

ता. क. तिसरा, आणि आता शाई संपत आली. ती काळ्या कानाची. मी वर लिहिलंय की कुणा वेंधळ्याची घंटा काढायची राहिली असेल. खोटं लिहिलं. ती गाडीतून उतरली त्या क्षणी मी घंटेचा पट्टा पाहिला. ती बाबांची गाठ आहे, उलट्या पिळाची; ती बांधता येणारी माणसं आता जगात दोनच. सगळ्या गावाने आपली सगळ्यात वाईट मेंढी दिली आणि बोलून दाखवली. ज्याच्याशी मी बोलत नव्हते त्याने सगळ्यात चांगली दिली आणि गप्प राहिला. मेल्क्योर, मला त्या दिवशीच तुझ्या दारात यायचं होतं. लाज वाटली. फौजदार पहिला तिच्याकडेच गेला, तेव्हा ती बहुधा फळली असेल आणि दहा-बारा दिवसांत आतून तिला निरोपही येईल.

पण तिची मान भरलीय आणि पट्टा आवळतोय. तुला आठवतं ना, बाबांनी गाठ बांधायला दोघांना शिकवलं, सोडायला मात्र तुला एकट्याला, कारण तू लहान होतास आणि मी बांधून ठेवलेलं सगळं सोडत सुटायचास? चार दिवस खटपट करतेय, सुटत नाही. सुरी घेऊन दोनदा तिच्याजवळ गेले आणि दोनदा परत आले. कापायची नाहीये मला. मेंढे मागून आले तरी चालतील, तू आधी ये.